पडून चार महिने झाले, आई अजून भिंत धरूनच चालते

तुमचा प्रश्न असा आहे: आई ७३ वर्षांच्या. चार महिन्यांपूर्वी न्हाणीत घसरल्या, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणतात आता सगळं ठीक. पण त्या घराबाहेर पाऊल टाकत नाहीत, घरातही भिंत धरून चालतात. तुम्ही दोघंही नोकरी करता, म्हणून दिवसभराची बाई ठेवली. आईंना पाणीसुद्धा हातात मिळतं, कशालाच उठावं लागत नाही. ‘तरी भीती वाढतेच आहे.’ आता वॉकर आणावा की समुपदेशकाकडे न्यावं?

भीतीबद्दलच्या तुमच्या वाक्यातला ‘तरी’ खोडून मी तिथे ‘म्हणूनच’ लिहीन. रागावू नका. मी २० वर्षं फिजिओथेरपी करतेय, त्यातली बरीच लोकांच्या घरी जाऊन, आणि हे वाक्य मी इतक्या मुलामुलींकडून ऐकलंय की ‘तरी’ येणार हे मला आधीच कळतं. प्रेमापोटीच होतं हे. पण माणूस उठायचा बंद झाला की मांड्या आधी जातात. धडधाकट वृद्धांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवून केलेला एक अभ्यास आहे. त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस तेवढ्यात गेलं. तुमच्या आई अंथरुणाला खिळलेल्या नाहीत, पण चार महिने खुर्ची, पलंग आणि टीव्ही एवढंच चाललंय. पाय खरोखर कमजोर झालेत, आणि ते त्यांना आतून जाणवतंय. म्हणजे भीती अगदीच खोटी नाही. ‘घाबरू नकोस, काही होत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यांना वाटतं, यांना काही कळत नाही.

भीतीने चाल कशी बदलते ते बघा. माणूस अंग ताठ करतो, पावलं तोकडी पडतात, तळवा उचलायच्या ऐवजी सरकवला जातो, नजर पायाच्या अंगठ्यावर. त्यामुळे पुढचा उंबरठा दिसत नाही आणि सरकवलेलं पाऊल पायपुसण्यात अडकतं. म्हणजे पडू नये म्हणून जे केलं जातं त्यानेच पडायला होतं.

नवीन घरी गेले की मी आधी भिंत बघते. एका आजींकडे पलंगापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत भिंतीवर कमरेच्या जरा वर एक तेलकट पट्टा उमटला होता, हात घासून घासून. दाराशी पट्टा संपत होता. तिथून मोरीच्या कठड्यापर्यंत चारेक फूट धरायला काहीच नव्हतं. ‘कुठे पडला होतात?’ विचारलं तर बोट बरोबर तिथेच. भिंत असेपर्यंत भिंतीवर भार टाकायची सवय लागली होती, आणि भिंत संपली तिथे तोल सांभाळायचा सराव उरला नव्हता. तुमच्या घरचा पट्टा शोधा. अजून उमटला नसेल तर त्या कुठे कुठे हात टेकतात ते एक दिवस नुसतं बघा.

आता आधी एक गोष्ट पक्की करायची, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. त्या घसरल्या की कोसळल्या? ‘पाय सटकला, हात टेकला, मग वेदना’ असं सगळं सलग आठवत असेल तर ठीक. ‘काय झालं कळलंच नाही, बघते तर खाली’ असं म्हणत असतील तर व्यायाम राहू द्या, आधी फिजिशियनकडे जा, ईसीजी काढा. क्षणभर शुद्ध हरपणं हा हृदयाच्या ठोक्यांचा किंवा रक्तदाबाचा विषय असू शकतो. हात थरथरणं, चालताना एकदम थिजल्यासारखं होणं, एका बाजूची ताकद कमी वाटणं, विसरभोळेपणा वाढलेला असणं, यातलं काही असेल तर तेही सांगा. स्मृतिभ्रंश असेल तर मी खाली लिहिलेली निम्मी पद्धत बदलावी लागते.

बीपी बसल्या जागी मोजून चालत नाही. घरचं मशीन असेल तर आईंना पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. शेजारी उभं राहा, गरगरलं तर लगेच बसवा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. पहाटे लघवीला उठताना पडणाऱ्यांत हे पुष्कळदा सापडतं. भीतीपोटी बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, रात्री उठायला नको म्हणून. त्यानेही बीपी उतरतं. पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळी बेताने, आणि पाणी उतरवायची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी चालू असेल तर तिची वेळ सकाळी करता येईल का हे विचारा.

गोळ्यांचा डबाच्या डबा घेऊन जा. झोपेची गोळी, अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, कुणीतरी कधीतरी ‘थोडे दिवस’ दिलेली असते आणि सात वर्षं चालू असते. सर्दीखोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, हातापायांत येणाऱ्या मुंग्यांसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलीन, मधुमेहात साखर खाली नेणाऱ्या गोळ्या, शेजारणीने दिलेलं चूर्ण, सगळं दाखवा. मनाने काही बंद करू नका. झोपेची गोळी एकदम सोडली तर वेगळाच त्रास होतो, ती हळूहळू उतरवावी लागते. शाकाहारी असतील किंवा बरीच वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेत असतील तर बी-१२ तपासा, त्याच्या कमतरतेने तळव्यांची जाणीव बोथट होते. डोळे तपासा. मोतीबिंदू असेल तर ‘पिकू दे’ म्हणत थांबायचे दिवस गेले. दुहेरी नंबरचा चश्मा असेल तर जिना उतरताना खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते, त्यापेक्षा चालण्यासाठी साधा लांबचा चश्मा वेगळा करा.

आणि मनगटाबद्दल. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं, तेही या वयात, म्हणजे हाडं ठिसूळ झाली असण्याची शक्यता दांडगी आहे. हाड जुळलं म्हणून विषय संपला असं होत नाही. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीबद्दल विचारा. नुसत्या कॅल्शियमच्या गोळीवर बऱ्याच जणांचं भागत नाही. पुढचं पडणं थांबवायचंच आहे, पण पडल्याच तर खुब्याचं हाड टिकलं पाहिजे.

आता पाय. खुर्चीवर बसवा, हात छातीशी दुमडून, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. ७० ते ७९ वयाच्या बाईसाठी दहाच्या खाली आकडा आला तर पायांत बळ कमी. दुसरी चाचणी: खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर नेहमीच्या चालीने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं धरतात. फोनवर वेळ लावा आणि आकडा आईंना सांगा. मला अनुभव असा की कौतुकापेक्षा आकडा जास्त काम करतो. ‘छान करताय’ हे नर्सपासून नातवापर्यंत सगळेच म्हणतात. ‘परवा सहा, आज सात’ हे खरं असतं.

व्यायाम म्हणजे पलंगावर बसून पाय हलवणं नव्हे. २०१९ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने शंभराहून जास्त चाचण्या एकत्र करून बघितल्या, त्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्के कमी झालं. पण त्यात खरं काम केलं ते उभं राहून केलेल्या तोलाच्या आणि ताकदीच्या व्यायामांनी. नुसत्या चालण्याने तेवढं साधतं असं दिसलं नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात याचा घरी करायचा कार्यक्रम बसवलेला आहे, मीही त्याच धर्तीवर शिकवते: दिवसाआड अर्धा तास पाय आणि तोल, मधल्या दिवशी चालणं.

तुमच्याकडे स्वयंपाकाचा ओटा असेलच. त्याच्यासारखं साधन नाही, कमरेच्या उंचीला, न हलणारं, आणि आईंच्या ओळखीचं. ओट्याला दोन्ही हात टेकून टाचा उचलायच्या, मग चवडे. एक पाय सरळ ठेवून बाजूला न्यायचा. ओट्याच्या कडेने आडवं चालायचं, मग उलटं. शेवटी एका पावलापुढे दुसरं, टाचेला अंगठा चिकटवून, दहा आकडे उभं राहायचं. आधी दोन हात, मग एक, मग दोन बोटं, मग बोटं ओट्याच्या वर अधांतरी. खुर्चीवरून उठणं जड जात असेल तर बैठक उंच करा, खाली घट्ट उशी घाला, आणि आठवड्याने उशी पातळ करा. थोडं डगमगायला हवं, बरं का. अजिबात डगमगत नसेल तर तोलाचा व्यायाम झालाच नाही, फक्त वेळ गेला. पहिले दोन-तीन आठवडे कुणीतरी हाताच्या अंतरावर उभं असावं, आणि जमलं तर एखाद्या फिजिओथेरपिस्टने घरी येऊन एकदा बसवून द्यावं. गुडघे किती झिजलेत, श्वास किती पुरतो, यावर काय आधी आणि किती हे ठरतं, ते मला इथून सांगता येणार नाही.

आता मुद्द्याचं. भीतीबद्दल विचारायचा प्रश्न ‘भीती का वाटते?’ हा नाही. ‘पडलात तर पुढे काय होईल असं डोळ्यांसमोर येतं?’ असं विचारा आणि गप्प बसा. मला आजवर मिळालेली उत्तरं: शेजारच्या काकूंचा खुबा मोडला, त्या परत उठल्याच नाहीत. रस्त्यात लोक बघतील, साडी विस्कटेल. मुलाच्या डोक्यावर अजून एक ओझं. पण सगळ्यांत जास्त वेळा आलेलं उत्तर, जरा आढेवेढे घेऊन: ‘पडले तर मला उठताच येणार नाही, तशीच पडून राहीन.’ ‘मी त्या दिवशी किती वेळ खाली होते’, हेही मग त्या सांगतात. मुलांना ते माहीतच नसतं. तुमच्या आई किती वेळ न्हाणीत होत्या, विचारलंय कधी?

म्हणून मी जमिनीवरून उठायला शिकवते. घरचे दचकतात, ‘अहो, पडू नये म्हणून तुम्हाला बोलावलं!’ आपल्या बायकांचं आयुष्य जमिनीवर गेलंय. निवडणं, टिपणं, पंगत, सगळं खाली बसून. मग कुणीतरी ‘गुडघ्यांना त्रास होतो, मांडी घालू नका’ असं सांगितलं, खाट आली, खुर्ची आली, आणि दहा-बारा वर्षांत जमीन परक्या मुलखासारखी झाली. तिकडे जायचं म्हणजे पडूनच.

उठायची रीत अशी. पडल्यावर आधी श्वास घ्यायचा आणि हातपाय हलवून बघायचे. मग कुशीवर वळायचं, कोपरावर रेलायचं, तिथून दोन्ही हात आणि गुडघ्यांवर, रांगणाऱ्या बाळासारखं. रांगत जड खुर्चीपाशी किंवा पलंगापाशी जायचं. बैठकीवर दोन्ही हात टेकायचे, जो पाय धड असेल त्याचं पाऊल पुढे रोवायचं, पुढे झुकून हातांवर आणि त्या पायावर भार देऊन बूड उचलायचं, वळून बसायचं. लगेच उभं राहायचं नाही, दोन मिनिटं बसायचं.

पण शिकवताना उलटीकडून शिकवते. पहिल्या दिवशी फक्त शेवटची पायरी: खुर्चीसमोर उभं राहून, हात टेकून, एक गुडघा उंच गादीवर टेकवायचा आणि उठायचं. तो घोटवला की गादी पातळ. मग दोन्ही गुडघे. मग रांगणं. मग कुशीवर. म्हणजे प्रत्येक दिवस उठण्यावर संपतो. तुमच्या आईंचं मनगट नुकतं जुळलंय, तेव्हा हातावर भार द्यायला हरकत नाही ना हे अस्थिरोगतज्ज्ञांना विचारून मगच, आणि तोवर तळव्याऐवजी कोपरापासूनचा पूर्ण हात बैठकीवर टेकवून. गुडघे फारच धरलेले असतील तर हे जमत नाही. मग बुडावर सरकत दारापर्यंत किंवा फोनपर्यंत जाणं आणि उशी-चादर अंगावर ओढून घेऊन हाक मारत राहणं, एवढं तरी शिकवते. त्यानेही बऱ्याच जणींचा चेहरा सैलावतो.

त्या तेलकट पट्ट्याच्या आजी नऊवारीत होत्या. तिसऱ्या आठवड्यात चटईवरून एकट्या उठल्या, पदर खोचला आणि सुनेला म्हणाल्या, ‘बघितलंस?’ दुसऱ्या दिवशी मी गेले तर दार त्यांनी उघडलं.

एक खूणगाठ बाईंना आणि घरच्यांना सांगून ठेवा. पडल्यावर पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळलंय, उभं राहवत नाही, तर उठवायचं नाही, १०८ ला फोन. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर वरून काही दिसत नसलं तरी रुग्णालयात. ती गोळी नसली तरी पुढच्या काही आठवड्यांत डोकेदुखी, झापड किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर थांबू नका.

घरातल्या बदलांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल, म्हणून ज्यात लोक चुकतात तेवढंच सांगते. टॉवेल अडकवायची दांडी म्हणजे आधाराची दांडी नव्हे. ती स्क्रूसकट हातात आलेली मी बघितली आहे. आधाराची दांडी भिंतीत नीट ठोकून घ्या आणि तुम्ही स्वतः तिला लोंबकळून बघा. न्हाणीचं दार आत उघडत असेल तर पडलेल्या माणसाचं अंग त्याच दाराला अडतं, सुताराकडून ते बाहेर उघडणारं करून घ्या, आणि आतून कडी लावायची नाही हे घरात ठरवून टाका. अंघोळीला बसायला रबरी बुडाचं जड स्टूल, हलकं प्लास्टिकचं ओल्या फरशीवर पळतं. भरलेली बादली आईंनी सरकवायची नाही, नळाखालीच राहू दे. दारातलं पायपुसणं न सरकणारं हवं, नाहीतर नकोच. साडी किंवा गाउन घोट्याच्या वर दोन बोटं. घरात अनवाणी चालावं की चपला घालाव्यात, हे मात्र माणसावर आहे. मधुमेहाने तळवे बधिर असतील तर घरातली वेगळी, मागे पट्टा असलेली चप्पल हवीच. तसं नसेल आणि स्वयंपाकघरात चप्पल त्यांना चालणार नसेल तर कोरड्या फरशीवर अनवाणी बरं, पण ती टाचेमागे फटफटणारी स्लिपर नको.

वॉकर? नुसत्या भीतीवर वॉकर आणू नका. जुन्या घरात उंबरठे असतात, चार पायांचा वॉकर तिथे दर वेळी उचलावा लागतो आणि तोच अडखळवतो. चाचण्यांचे आकडे फारच वाईट आले तर काही आठवडे घ्यावा लागेल, ते बघून ठरवू. बाहेर जाताना काठी चालेल: मूठ मनगटाच्या घडीला येईल एवढी उंच, खालचं रबर न झिजलेलं, आणि एक पाय दुखरा असेल तर त्याच्या विरुद्ध हातात. आईंचं उजवं मनगट सांभाळायचंय, तेही धरून ठरवा.

समुपदेशक? झोप उडाली, जेवण कमी झालं, कशातच मन लागत नाही, उगाच डोळे भरून येतात, असं असेल तर जरूर न्या, नैराश्याने पडणंही वाढतं. तसं नसेल तर सहा आठवडे पायांना द्या. माझा कल तिकडे आहे, कारण ज्यांचे पाय सुधारले त्यांची भीती बोलून घालवावी लागली नाही. उलटं मात्र क्वचित झालं.

बाहेर काढायचं ते त्यांना जिथे जायचंय तिथे. बागेत चक्कर मारायची ऊर्मी तुमची असते, त्यांची नसते. ‘पडायच्या आधी कुठे जायचात, जिथे परत जावंसं वाटतं?’ एवढं विचारा. मारुतीचं देऊळ, भाजीवाली, भिशी, काहीही. मग त्याचे तुकडे करा: दारापर्यंत, फाटकापर्यंत, कोपऱ्यापर्यंत, दुपारी गर्दी नसताना देवळापर्यंत, मग आरतीला. एक तुकडा कंटाळा येईपर्यंत करायचा, मग पुढचा. तुम्ही चालताना त्यांचा दंड धरून ओढायचा नाही, त्याने त्यांचा तोल तुमच्याकडे येतो. अर्धं पाऊल मागे, बाजूला राहा, तुमचा हात कोपरात वाकवून पुढे धरा, त्या धरतील. आणि ‘हळू, जपून, खाली बघ’ हा घोष बंद. काही वृद्धांना बोलायचं तर चालायचं थांबावं लागतं, चालण्यातच सगळं लक्ष गुंतलेलं असतं. खड्डा असेल तर आधी थांबा, मग सांगा. चालत्या माणसाला फोनसुद्धा देऊ नका. तो मात्र त्यांच्या कमरेच्या बटव्यात हवाच.

ठेवलेल्या बाईंना काढू नका, त्यांचं काम बदला. पाणी आणून देणं बंद. आईंना दर तासाला उठायचं कारण मिळालं पाहिजे: कुकरच्या शिट्या मोजून गॅस बंद करणं, देवाची फुलं तोडणं, दाराची बेल. बेल वाजली की घाई होते, म्हणून दूधवाल्याला आणि पोस्टमनला सांगून ठेवा की दोन मिनिटं थांबा, आजी येतायत. बाईंनी हाताच्या अंतरावर उभं राहायचं आणि हात मागे बांधायचे, हे त्यांना सगळ्यांत जड जाईल.

या रविवारी बीपी झोपून-उठून मोजा, गोळ्यांचा डबा भरा आणि खुर्चीवरची उठबस मोजून आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा. लिहायचा आईंनी, त्यांच्या हाताने. उजव्या मनगटालाही तेवढाच व्यायाम. दोन आठवड्यांनी तो आकडा आणि त्या किती वेळ न्हाणीत पडून होत्या याचं उत्तर, दोन्ही मला कळवा.